तो, ती, ते आणि डेर, डी, डास

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. दिवेलागणीला दाराची बेल वाजली. उघडून बघते तर माझा एक जुना विद्यार्थी, आणि त्याच्या मागे अंग चोरून उभा असलेला त्याचा मुलगा. "बाई, ओळखलंत का?" चेहरा ओळखला, नाव आठवायला थोडा वेळ लागला. पिंपरीतल्या एका मराठी शाळेत तीसेक वर्षं मी मराठी शिकवलं. कारखान्यांतल्या कामगारांची मुलं. ती आता स्वतःच पन्नाशीला टेकली आहेत, त्यामुळे असा गोंधळ होतो.

चहा झाला. मग बापाने विषय काढला. मुलगा आयटीआय झालेला, फिटर. चाकणला एका ठिकाणी कंत्राटी कामाला. कंत्राट सहा-सात महिन्यांचं, मग ब्रेक, मग पुन्हा नवं. कुणीतरी सांगितलं की जर्मनीत 'आउसबिल्डुंग' नावाचं शिक्षण मिळतं, म्हणजे काम करता करता शिकायचं आणि शिकताना महिन्याला पैसेही मिळतात. पण त्याआधी जर्मन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा पास व्हायला हवी. क्लास लावला, आईच्या बांगड्या गहाण ठेवून फी भरली. ए-वन कसंबसं झालं, ए-टू दुसऱ्या खेपेला झालं, आणि बी-वनला गाडी अडली.

"मॅडम," मुलगा पहिल्यांदाच बोलला, "माझं इंग्लिश कच्चं आहे ना, म्हणून मला जर्मन जमत नाही."

मंडळी, हे वाक्य मला लागलं. इंग्लिश कच्चं म्हणून इंग्लिश जमत नाही, हे समजू शकते. पण इंग्लिश कच्चं म्हणून जर्मन जमत नाही? म्हणजे तेलुगू येत नाही म्हणून कानडी जमत नाही म्हणण्यासारखंच झालं की!

मला जर्मन येत नव्हतं. आजही येत नाही, कामापुरतं कळतं. मी मराठी घेऊन बी. ए. केलं, तेही मराठी माध्यमातून, आणि आयुष्यभर मराठीच शिकवलं. पण सवयीने म्हटलं, "पुस्तक आणलंयस? बघू."

तसा जर्मनीशी आमच्या पिंपरीचा संबंध जुना. केएसबी पंप्स आणि बकाऊ वुल्फ ही नावं आम्ही लग्न होऊन इथे आलो तेव्हापासून ऐकत आलो. बकाऊ वुल्फ म्हणजे काय, ते कुणाला माहीत नव्हतं, पण तिथे नोकरी लागली की मुलाला मुली सांगून येत! पुढे १९९५ मध्ये भारतात जोडलेली पहिली मर्सिडीज बाहेर पडली ती इथूनच, टेल्कोच्या आवारातून. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि मर्सिडीजही त्याच वर्षी तिकडे गेली. पण इतकी वर्षं जर्मन यंत्रं आली, जर्मन साहेब आले, जर्मन भाषा मात्र कामगारांच्या घरात आली नाही. ती शिकायची तर पुण्यात मॅक्स म्युल्लर भवनला किंवा रानडे इन्स्टिट्यूटला जायचं, आणि तिथे जाणारी मुलं वेगळ्या घरांतली असत.

आता चित्र बदललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. दहा हजार तरुणांचा आकडा तेव्हा जाहीर झाला. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, नर्स अशी माणसं तिकडे हवी आहेत. ही मुलं कुठून येणार? बहुतेक आमच्यासारख्या शाळांतूनच. मराठी माध्यमातून दहावी, मग आयटीआय. आणि त्यांना जर्मन शिकवलं जातं ते इंग्रजीतून. म्हणजे नदी ओलांडायची आहे, आणि त्यासाठी आधी खाडी पोहून या, असं आपण सांगतोय.

तर पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर डेर, डी, डास. (उच्चार माझे, म्हणजे पिंपरीचे. जाणकारांनी क्षमा करावी.) मुलगा म्हणाला, "इथूनच डोकं फिरतं. इंग्लिशमध्ये सगळ्याला नुसतं 'द'. ह्यांच्यात तीन-तीन. डास तर चावतोच!"

मी विचारलं, "डबा कोण?" तो गोंधळला. "म्हणजे, तो डबा, ती डबा की ते डबा?" "तो डबा." "पिशवी?" "ती." "दप्तर?" "ते." "कोणी शिकवलं?" "कोणी नाही. येतंच की."

येतंच की! हीच तर पुंजी आहे. तीन लिंगं ही या भाषाकुळातली जुनी मिळकत. संस्कृतात होती, मराठीने, गुजरातीने, कोकणीने ती जपली. हिंदीने दोनांवर भागवलं, बंगालीने सगळीच सोडली. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी तीन होती, ती गेली. जर्मनने राखली. त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग कसं असेल, हा जो धक्का इंग्रजीतून येणाऱ्याला बसतो, तो मराठी मुलाला बसायचं काही कारण नाही. डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते. बालवर्गात चित्रं दाखवून आपण मुलांना 'ते घर, ती खिडकी' असं म्हणायला लावतो. तसंच शब्दाबरोबर त्याचं तो-ती-ते पाठ करायचं.

अर्थात, त्यांचं लिंग आणि आपलं लिंग जुळेलच असं नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. आपले चमचा आणि काटा दोन्ही 'तो', सुरी 'ती'. त्यांच्याकडे चमचा तो, काटा ती आणि सुरी ते! इथे पाठांतराला पर्याय नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

पण एक गंमत सापडली. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी. क्लासमध्ये म्हणे यावर सगळे हसले होते, मुलगी 'ते' कशी? अरे, पण आपण 'काय गुणी पोर आहे ते' म्हणतोच ना? गोव्याकडे कोकणीत 'चेडूं' म्हणजे मुलगी, आणि तेही नपुंसकलिंगीच. 'मेडशेन'मधला 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे, तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपला 'रू' आठवा. वासरू, कोकरू, शिंगरू, लेकरू, पाखरू. सगळी 'ते'! मग आम्ही दोघांनी त्याच्या मोबाइलमधल्या शब्दकोशात शोधलं. वासराला 'काल्प', कोकराला 'लाम', शिंगराला 'फोलेन', कोंबडीच्या पिल्लाला 'क्यूकेन', मुलाला म्हणजे लेकराला 'किन्ट'. पाचही शब्दांच्या मागे डास. मुलगा पहिल्यांदा हसला. मलाही फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर तो आठवड्यातून दोन दिवस येऊ लागला. सेकंड शिफ्ट नसेल तेव्हा.

खरी अडचण विभक्तीत होती. जर्मनमध्ये चारच विभक्ती. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापलं तेव्हापासून शाळेतली मुलं आठ विभक्त्यांचा तक्ता घोकत आली. मग चारांची भीती कशाला? भीती होती, कारण मुलाच्या वहीत त्यांची नावं इंग्रजीत होती. अक्युझेटिव्ह, डेटिव्ह. त्या शब्दांनी त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नव्हतं. क्लासमध्ये सांगितलेला अर्थ त्याने लिहून घेतला होता, डायरेक्ट ऑब्जेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्ट. त्यानेही काही उभं राहत नव्हतं.

इथे मला माझी एक जुनी चूक आठवली.

आपल्या तक्त्यात द्वितीयेचे प्रत्यय 'स, ला, ते' आणि चतुर्थीचेही 'स, ला, ते'. दर वर्षी वर्गातलं एखादं चौकस पोर विचारायचं, "बाई, दोन्हींचे प्रत्यय एकच आहेत, तर मग दोन विभक्त्या कशाला?" आणि मी काय उत्तर द्यायची? "पुस्तकात आहे म्हणून. पाठ कर, मार्क मिळतात." उत्तर मला माहीत नव्हतं असं नाही, पण चाळीस मिनिटांचा तास, साठ मुलं, पोर्शन पुरा करायचा. तो प्रश्न मी दरवर्षी दाबला.

त्या प्रश्नाचं उत्तर मला सत्तरी उलटल्यावर जर्मनच्या पुस्तकात मिळालं. 'मी त्या माणसाला बघते' आणि 'मी त्या माणसाला पुस्तक देते'. मराठीत दोन्हीकडे 'माणसाला'. पण पहिल्या वाक्यात माणूस हे कर्म आहे, बघण्याची क्रिया त्याच्यावर होते. दुसऱ्या वाक्यात कर्म आहे पुस्तक, आणि माणूस हा घेणारा, ज्याच्यासाठी देणं घडलं तो. संस्कृत व्याकरणात याला 'संप्रदान' म्हणतात. जर्मन भाषा या दोन माणसांना वेगळे कपडे घालते. बघायचा असेल तर 'डेन मान', द्यायचं असेल तर 'डेम मान'. बस, एवढंच. द्वितीया म्हणजे डेन, चतुर्थी म्हणजे डेम. आपल्याकडे प्रत्यय एकच उरला म्हणून फरक झाकला गेला, त्यांच्याकडे तो उघडा आहे.

मी त्याला सांगितलं, "वाक्य आधी मराठीत म्हण आणि विचार, हा 'ला' कसला? क्रिया सोसणारा, की काही मिळणारा?" दहा-बारा वाक्यं चुकली, मग जमायला लागलं.

आणखी एक. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. काळा कुत्रा, पण काळ्या कुत्र्याला. विशेषणही बदलतं. 'काळा कुत्र्याला' असं आपलं तीन वर्षांचं मूलही फार काळ म्हणत नाही. जर्मनमध्ये 'डेर श्वार्त्से हुंड', पण 'डेम श्वार्त्सेन हुंड'. 'काळा'चं 'काळ्या' झालं तसं 'श्वार्त्से'चं 'श्वार्त्सेन'. पुढे या नियमाला पुष्कळ फाटे फुटतात, ते शिकावेच लागतात. पण विशेषण का बदलावं, हा प्रश्न मराठी माणसाने विचारू नये!

मग आलं 'मीर'. मीर म्हणजे चतुर्थीतलं 'मला'. जर्मन माणसाला थंडी वाजली तर तो 'मी थंड आहे' असं म्हणत नाही. म्हणतो, 'मीर इस्ट काल्ट', मला गार आहे. एखादी गोष्ट आवडली तर 'डास गेफेल्ट मीर', हे आवडतं मला. इंग्रजीत आवडणाऱ्याला कर्ता करून 'आय लाइक' म्हणतात. मराठीत मी कर्ता नाहीच, आवडणं मला होतं, वस्तूच्या बाजूने येतं. जर्मनमध्येही तसंच. हा मुलगा बिचारा मराठीतलं 'मला आवडतं' आधी इंग्रजीत नेत होता, तिथे त्याचं 'मी' करत होता, आणि ते 'मी' घेऊन जर्मनमध्ये जाऊन चुकत होता. सरळ गेला असता तर रस्ता मोकळा होता.

वाक्यरचनेतही असंच. 'इश ग्लाउबे, डास एर मोर्गेन कोम्ट.' (हा आणखी एक डास. याचा अर्थ 'की'.) मला वाटतं, की तो उद्या येतो. 'की'च्या पुढचे शब्द एकेक करून लावून बघा. एर, तो. मोर्गेन, उद्या. कोम्ट, येतो. क्रियापद शेवटी, आपल्यासारखं! गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, हा नियम इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार छळतो म्हणतात. आपल्याला तो नियम वाटूच नये. मात्र मुख्य वाक्यात जर्मन क्रियापद हट्टाने दुसऱ्या जागी बसतं, आणि तिथे आपली मराठी सवय नडते. 'आज मी पुण्याला जातो' असं नाही, 'आज जातो मी पुण्याला'. मी त्याला म्हटलं, "कीर्तनकार बोलतात तसं बोल!"

आकड्यांचं तर विचारूच नका. एकवीसला ते म्हणतात 'एक आणि वीस', पस्तीसला 'पाच आणि तीस'. एकक आधी, दशक नंतर, अगदी आपल्यासारखं. तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मनीतही 'वीस एक' म्हणा असा आग्रह धरणारी संस्था आहे, पण लोक अजून 'एक आणि वीस'च म्हणतात. आणि घड्याळ! दीड वाजला तर ते म्हणतात 'हाल्प त्स्वाय', शब्दशः 'अर्धा दोन'. मुलाने परीक्षेत त्याचे अडीच केले होते. मी त्याला 'दीड' शब्दाचं मूळ सांगितलं. संस्कृत 'द्व्यर्ध', म्हणजे दुसरा अर्धा. 'अडीच' आला 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे तिसरा अर्धा. आपल्या आज्या-पणज्यांनी नेमका जर्मन हिशेबच केला होता. एक पुरा झाला, दुसरा अर्धा झाला, म्हणून दीड. त्यानंतर 'हाल्प' त्याचं कधी चुकलं नाही.

आता शब्दांच्या निवडीविषयी. मुलाची तक्रार होती की एकेका शब्दाला जर्मनमध्ये दोन-दोन शब्द, कुठला कधी वापरायचा कळत नाही. उदाहरणं बघितली. इंग्रजी 'नो'ला दोन शब्द, 'केनेन' आणि 'विस्सेन'. अरे, पण आपल्याकडे ओळखणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं आहेच की! माणसाला ओळखतो तिथे केनेन, गोष्ट माहीत असते तिथे विस्सेन. इंग्रजी 'लिव्ह'ला 'लेबेन' आणि 'वोनेन'. जगणं आणि राहणं. आपण पिंपरीत राहतो, आणि कसेबसे का होईना, जगतो. 'आस्क'ला 'फ्रागेन' आणि 'बिट्टेन'. विचारणं आणि मागणं. 'मॅन'ला 'मेन्श' आणि 'मान'. माणूस आणि पुरुष. बहीण-भावांना मिळून जर्मनमध्ये रोजच्या वापरातला एक शब्द आहे, 'गेश्विस्टर'. आपली 'भावंडं'. हातमोज्याला ते म्हणतात हाताचा जोडा, आपण म्हणतो हाताचा मोजा!

म्हणजे बघा, जो दुहेरीपणा इंग्रजीच्या खिडकीतून बघताना अवघड वाटत होता, तो मराठीच्या दारातून गेलं की घरचाच निघाला. शब्दाची निवड चुकत होती ती जर्मन येत नव्हतं म्हणून नाही. मधल्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टींची एकच गोष्ट होत होती, म्हणून.

सगळ्यात सुंदर जोडी मला मिळाली ती मानापमानाची. जर्मनमध्ये 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे आपण. आणि एखाद्याला 'डू' म्हणण्याला त्यांच्याकडे स्वतंत्र क्रियापद आहे, 'डुत्सेन'. 'झी' म्हणण्याला 'झीत्सेन'. मुलाने मला अर्थ विचारला तेव्हा मी एका क्षणात सांगितला. अरे-तुरे करणे आणि अहो-जाहो करणे! हे क्रियापद जर्मनला लागतं, आपल्याला लागतं, कारण दोघांकडेही ही गोष्ट भांडणाइतकी महत्त्वाची आहे. ज्या मुलाला सुपरवायझरला कधी अहो म्हणायचं आणि बरोबरीच्याला कधी अरे म्हणायचं हे शिकवावं लागत नाही, त्याला 'डू' आणि 'झी'चा धडा आठ दिवस कशाला हवा?

आता दुसरी बाजू. माझ्या ओळखीतल्या एक बाई जर्मन शिकवतात. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आजकाल कुठलीच मधली भाषा घ्यायची नाही, जर्मन जर्मनमधूनच शिकायचं, अशी पद्धत आहे. आणि इंग्रजीचा उपयोग नाही असं कसं म्हणता? पाणी, घर, दूध, बोट, हात, हे सगळे शब्द इंग्रजीशी जुळतात." त्यांचं खरं आहे. जर्मन आणि इंग्रजी सख्ख्या बहिणी, शब्दांत साम्य असणारच. ज्याला इंग्रजी येतं त्याने त्याचा फायदा जरूर घ्यावा. माझं इंग्रजीशी भांडण नाही. मराठीने सगळं सुटतं असंही नाही. 'मी शाळेत जातो' आणि 'मी शाळेत आहे', आपल्याकडे दोन्हीकडे 'शाळेत'. जर्मनमध्ये जाताना द्वितीया आणि असताना चतुर्थी. इथे मराठी फारशी मदत करत नाही. 'इकडे ये' आणि 'इथे बस' यातला फरक दाखवून मी थोडं रेटलं, पण ते ओढूनताणून होतं. 'उठणे' या क्रियापदाचे दोन तुकडे होऊन एक तुकडा वाक्याच्या शेवटी जाऊन पडतो, ते मला अजून नीट पचलेलं नाही.

पण वर्गात मधली भाषा नसली तरी मुलाच्या डोक्यात ती असतेच. मूल रिकाम्या डोक्याने शिकत नाही. मराठी मुलाच्या डोक्यात मराठी आहे. आपण ती वापरू देत नाही, उलट 'तुझं इंग्लिश कच्चं' असं सांगून त्याला आणखी एका भाषेची भीती घालतो. माझा आक्षेप आहे तो एवढ्यालाच.

पूर्वीचे लोक शहाणे होते. आपल्या दोन-तीन पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन इंग्रजी शिकल्या. ती मराठीतून शिकवत होती, मराठी व्याकरणाचा हात धरून. त्यातून शिकलेली माणसं पुढे इंग्रजीत वकिली करत होती. तशी पाठमाला जर्मनसाठी हवी. 'नमस्कार, कसे आहात' छापाची वाक्यं पाठ करायची पुस्तकं नकोत. द्वितीया, चतुर्थी, सामान्यरूप, लिंग, गौणवाक्य हे आपले शब्द घेऊन लिहिलेली, आयटीआयच्या मुलाला परवडेल अशी. शासनाने करार केला आहे, तर हे पुस्तक काढणं त्या करारातलं सगळ्यात स्वस्त काम असेल. जर्मन जाणणारा एक आणि मराठी व्याकरण जाणणारा एक, असे दोघं शेजारी बसवले की झालं.

पण त्याला एक अट आहे. मुलांना मराठी व्याकरण यायला हवं. आणि इथे बोट माझ्याकडेच वळतं. व्याकरण म्हणजे पाच मार्कांचा प्रश्न, असं आम्हीच करून ठेवलं. तक्ता घोकून घेतला, तो कशासाठी ते सांगितलं नाही. मग 'रटाळ आहे, कमी करा' म्हणणाऱ्यांपुढे आम्हाला उत्तर राहिलं नाही. मो. के. दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' एवढा मोठा ग्रंथ लिहिला, तो काही मार्कांसाठी नव्हता. आपली भाषा कशी चालते हे ज्याला कळलं, त्याला दुसरी भाषा कशी चालते हे विचारता येतं. व्याकरणाचा उपयोग हा. मी हे वर्गात एकदाही म्हटलं नाही.

गुंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन अभ्यासक होते, हायडेलबर्ग विद्यापीठातले. १९९२ मध्ये वारले. त्यांनी मराठी शिकून घेतली आणि आपल्याकडच्या धनगरांबरोबर हिंडून खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांचा अभ्यास केला. एक जर्मन माणूस धनगरवाड्यात बसून मराठीत ओव्या समजून घेऊ शकतो. मग पिंपरीच्या पोराला जर्मन भाषा आपल्या आवाक्याबाहेरची का वाटावी? भाषा सारखीच लांब आहे, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे.

असो. तुम्ही विचाराल, मुलाचं काय झालं? परीक्षेचे चार भाग असतात. वाचन, श्रवण आणि बोलणं या तिन्हींत तो यंदा पास झाला. लेखन चार गुणांनी राहिलं. ते एकटं पुन्हा देता येतं, पुढच्या महिन्यात आहे. बांगड्या अजून गहाणच आहेत. त्याने जर्मनीला जावं की इथेच राहावं, हे मी सांगणारी कोण? त्याची आई दर खेपेला डोळे पुसत विचारते, "बाई, परत येईल ना हो?" त्याचं उत्तर कुठल्याच भाषेच्या पुस्तकात नाही.

परवा त्याला न्यायला बाप आला होता. आम्ही चतुर्थीची उजळणी करत होतो. बाप दारात चपला काढता काढता थांबला आणि सुरात म्हणायला लागला, "स, ला, ते... स, ला, ना, ते..." पस्तीस वर्षांनी, एकही प्रत्यय न चुकता.

मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला. मग मला म्हणाला, "आजी, पप्पांना पण येतं की जर्मन!"

मी म्हटलं, "येतं. मीच सांगायचं विसरले होते."